टेरेझीनची गाणी: ॲन सोफी फॉन ओटर यांची सीडी

होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, बळींसाठी काढलेल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत एकच सूर असतो, संथ आणि कळवळ्याचा. डॉइच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीची २००७ सालची ‘टेरेझीन / टेरेझिएनश्टाट’ ही सीडी तशी नाही. तिच्यात कॅबरे, म्हणजे रंगमंचावरची खट्याळ, टोमणे मारणारी गाणी आहेत, टँगोच्या अंगाचं गाणं आहे, अंगाई आहे, आणि मधेच ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारं आधुनिक संगीतही आहे. टेरेझीन (जर्मनमध्ये टेरेझिएनश्टाट) या चेक गावातल्या, ज्यूंना कोंडलेल्या नाझी छावणीत हे सगळं शेजारी शेजारीच होतं.

मेझो-सोप्रानो (स्त्रियांचा मधल्या पट्टीचा आवाज) गायिका फॉन ओटर यांनी इल्से वेबरची गाणी मुद्दाम साधी ठेवली आहेत. वेबर छावणीत आजारी मुलांची शुश्रूषा करायची आणि गिटारवर त्यांना गाऊन दाखवायची. अशा चालींवर ऑपेराचा भरदार आवाज चढवला की त्या मोडतात. इथे कंप जवळजवळ नाही आणि शब्द बोलल्यासारखे येतात. छावणीत कॅबरे करणाऱ्या कारेल श्वेंकच्या ‘व्शेख्नो यदे’ (‘सगळं जमतं’) या गाण्यामध्ये मात्र आणखी थोडा उनाडपणा हवा होता. घेट्टोच्या अवशेषांवर हसू, असं म्हणणारं कूचगीत इतकं नीटनेटकं कशाला?

सीडीचा खरा गाभा म्हणजे छावणीतले चेक संगीतकार पावेल हास यांची ‘चिनी कवितांवरची चार गीतं’ (१९४४). ती कारेल बेरमान या बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) गायकासाठी लिहिलेली. बेरमान वाचले, हास यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारलं. इथे बॅरिटोन (बासपेक्षा थोडा वरचा आवाज) क्रिस्टियान गेरहाहर गातात, त्यामुळे खालच्या स्वरांना वजन किंचित कमी पडतं. तिसऱ्या गीतात घराची ओढ आहे आणि खाली पियानोत चार स्वरांचा एक तुकडा हटून बसल्यासारखा फिरत राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो विरून जातो आणि गीत नुसतंच उदास वाटतं. हेडफोन लावा.

दोन ठिकाणी हमखास गल्लत होते. डॅनियल होप यांनी वाजवलेला एकल व्हायोलिनचा सोनाटा (१९२७) संगीतकार एर्विन श्युलहोफ यांचा आहे, आणि ते टेरेझीनमध्ये कधीच नव्हते. १९४२ मध्ये ते जर्मनीतल्या व्युल्झबुर्गच्या कैदेत क्षयाने गेले. ‘टेरेझीन-लीड’ (‘टेरेझीनचं गाणं’) याची चाल हंगेरियन संगीतकार काल्मानच्या ऑपेरेटातली, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकातली; शब्द तेवढे छावणीतले. कार्यक्रमात ‘छावणीत रचलेलं’ म्हणून या दोन्हींची ओळख करून देऊ नका.

२७ जानेवारीच्या, म्हणजे होलोकॉस्ट स्मृतिदिनाच्या कार्यक्रमासाठी अख्खी सीडी जड होते. वेबरची दोन गाणी, श्वेंकचं कूचगीत, हासचं तिसरं गीत आणि शेवटी ‘वीगाला’ एवढं पुरे. गाणी जर्मन आणि चेकमध्ये आहेत (सीडीवर यिडिश आणि फ्रेंचही आहे), तेव्हा प्रत्येकाचा दोन-तीन ओळींचा मराठी सारांश गाणं सुरू व्हायच्या आधी वाचा, चालू असताना पडद्यावर नको. लोक वाचत बसतात आणि ऐकायचं राहतं. क्रमही सांभाळा. हासनंतर लगेच कॅबरे लावलात तर ते थट्टेसारखं वाटतं. आधी लावलात तर त्यातली जिद्द कळते.

‘वीगाला’ वेबरची अंगाई आहे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये वेबर मुलांबरोबर आउशवित्झला गेली आणि धाकट्या मुलासह मारली गेली. तिची गाणी नवऱ्याने छावणीत लपवून ठेवली म्हणून उरली. हे निवेदन आधीच उरकून घ्या. स्ट्रीमिंगवरून लावत असाल तर ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर अंगाई संपते न संपते तोच भलतंच गाणं सुरू होतं.