पांढरीशुभ्र फुलं घेऊ नका: चिनी शेवंतीच्या चहाचा वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहायला निमित्त झालं ते नव्या पाकिटाचं. आधीचा माल चांगला निघाला होता, म्हणून त्याच विक्रेत्याकडून पुन्हा जूह्वा, म्हणजे चहासाठी वाळवलेली चिनी शेवंती मागवली. पाकीट फोडलं आणि काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा झणका आला. विक्रेत्याचं उत्तर असं की फुलं जास्त पांढरी आहेत म्हणजे वरची प्रत आहे, आणि फोडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही. न फोडता वास कसा घ्यायचा, यावर त्याच्याकडे काहीही उत्तर नाही. चव, रंग, किंमत यांपेक्षा गंधकाबद्दल जास्त लिहितोय, कारण या फुलाची खरेदी तिथेच फसते.

तोडणी ऑक्टोबरअखेर सुरू होते आणि नोव्हेंबरभर चालते. त्या दिवसांत चीनमधल्या झेजियांग प्रांतासारख्या भागात हवा गार आणि दमट असते. फूल रसदार, त्यात ऊन कमी, त्यामुळे माल काळा पडायची भीती असते. मग बंद खोलीत गंधक जाळून धुरी देतात. त्याने फूल झटपट वाळतं, पांढरं होतं, बुरशी आणि कीड लागत नाही. व्यापाऱ्याचं सगळं भलं होतं. पिणाऱ्याच्या वाट्याला सल्फर डायॉक्साइड येतो आणि ज्या घटकांसाठी आपण हे फूल घेतो, ती क्लोरोजेनिक आम्लं आणि ल्युटिओलिनच्या जातीची फ्लेवोनॉइडं, तीच घटतात. चिनी औषधसंहितेत या फुलासाठी सल्फर डायॉक्साइडची मर्यादा किलोला 150 मिलिग्रॅम आहे. काही कंदमुळांना 400 पर्यंत सूट आहे, पण शेवंती त्या यादीत नाही. दम्याच्या माणसाने तर असा माल हातातसुद्धा घेऊ नये. सल्फाइटने दमा उसळू शकतो.

घरच्या घरी ओळखायची रीत सोपी आहे. स्टीलची वाटी गरम पाण्याने तापवून कोरडी पुसा, चार-पाच फुलं टाका, ताटलीने झाका आणि मिनिटभराने ताटली उचलून नाक जवळ न्या. चांगल्या फुलाला मधाचा आणि त्यामागे किंचित कापराचा वास येतो. धुरीचा माल आंबूस लागतो, नाकात चुरचुरतो. मग फूल उलटं करून देठाकडचा भाग बघा. तिथली बारीक हिरवी दलं वाळल्यावरही हिरवट-खाकी राहायला हवीत. तीही फिकट पडली असतील तर धुरी नक्की. पाकळी हस्तिदंती, किंचित पिवळसर असावी. कागदासारखी पांढरी नको. काढ्याचा पहिला घोट आंबट लागला आणि घशाला खवखव झाली, तर आणखी पुरावा नको. फुलं उकळत्या पाण्यात विसळून ते पाणी फेकलं तर गंधक बराचसा उतरतो, पण गेलेला सुगंध परत येत नाही.

आता प्रकारांबद्दल. आनह्वेई प्रांतातल्या ह्वांगशान भागातली गोंग-जू दिसायला सगळ्यात देखणी. दीड-दोन सेंटिमीटरचं गोल फूल, दाट पाकळ्या, मधली पिवळी टिकली जवळजवळ दिसतच नाही. ती शेकोटीच्या आचेवर वाळवतात. सुरुवातीला माझा पहिला क्रमांक तिलाच होता. पावसाळा लागला आणि मत बदललं. गोंग-जू लवकर सादळते, पाकळ्या सुटतात, गाळणीतून पेल्यात उतरतात आणि दाताला लागतात. झेजियांगमधल्या तोंगश्यांगची हांग-बाय-जू चपटी, बशीसारखी, एकमेकांना चिकटून तुकडे झालेली, बघायला अगदी साधी. पण ती आधी काही मिनिटं वाफवून मग वाळवतात. वाफेने फुलातली विकरं मरतात, म्हणून ती काळवंडत नाही, आणि पाकळ्या टिकलीला घट्ट धरून राहतात. रोजच्या वापराला हीच घ्यावी. तिचं न उमललेलं कळीरूप म्हणजे ताई-जू. भाव जवळपास दुप्पट, म्हणून आधी ती उधळपट्टी वाटायची. पण कळी चौथ्या पाण्यालाही चव सोडते, तर उमललेलं फूल दुसऱ्या पाण्यानंतर फिकं पडतं. कपाचा हिशेब मांडला तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही, शिवाय पेल्यात पाकळ्यांचा कचरा होत नाही. ‘ये-जू-ह्वा’ नावाने मिळणारी छोटी पिवळी रानशेवंती मात्र वेगळी जात आहे. ती कडू जहर आणि जास्त थंड, गळवं-पुळ्यांसाठी वापरतात. रोजच्या चहाला ती नको.

प्रमाण 300 मिलिलिटर पाण्याला 3 ग्रॅम. औषध म्हणून चिनी वैद्य दिवसाला 5 ते 10 ग्रॅम देतात, त्यामुळे चहापुरतं एवढं पुष्कळ झालं. पाणी उकळून मिनिटभर थांबा, थोडं पाणी ओतून लगेच फेका, मग उरलेलं पाणी घालून पाच मिनिटं झाका. झाकण हवंच, कारण वास तेलात असतो आणि तो वाफेबरोबर उडून जातो. आल्यासारखं खळाखळा उकळलं तर नुसता कडवट, गवताळ काढा उरतो. गोडीला खडीसाखर, तीही चीनमधलीच पद्धत आहे. मध घालून फुलाचा स्वतःचा मधासारखा वास झाकू नये.

चहा हिरवा झाला म्हणून फुलं रंगवलेली आहेत अशी तक्रार बरेच जण करतात. बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत हे हमखास होतं. क्षारीय पाण्यात क्लोरोजेनिक आम्लाचं रूप बदलतं आणि काढा ठेवल्या ठेवल्या हिरवट होतो. लिंबाचे दोन थेंब टाका, रंग परत पिवळ्याकडे येईल. फिल्टरच्या पाण्यात हा त्रास बहुतेक होत नाही.

हा चहा यकृताला चांगला असं म्हणतात, त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. चिनी वैद्यकात हे फूल ‘किंचित थंड’ आहे आणि फुप्फुस व यकृताच्या मार्गांवर, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं तिथे मानतात त्या वाटांवर, काम करतं. तिथे यकृताचा संबंध डोळ्यांशी लावतात. म्हणून लाल, चुरचुरणारे, कोरडे डोळे, कपाळातून ठणकणारं डोकं, चिडचिड अशा तक्रारींना ते देतात. दिवसभर पडद्यासमोर बसल्यावर डोळ्यांची आग होते, तेव्हा हा चहा मला बरा वाटतो; एवढंच खात्रीने सांगता येईल. कावीळ, वाढलेली एन्झाइम्स, फॅटी लिव्हर यांवर हे औषध नाही. डोळे पिवळे दिसले तर तडक डॉक्टरकडे जा आणि रक्त तपासा. पोट नाजूक असेल, जुलाब होत असतील, तर रिकाम्या पोटी पिऊ नका. थंड प्रकृतीच्या माणसाला यानेच पोटात मुरडा येतो.

जोडीला गोजीची आठ-दहा वाळलेली लाल फळं टाकण्याची प्रथा जुनी आहे आणि चवीला ती शोभतेही. दुसरी जोड आपल्याला जास्त जवळची. चिनी लोक ‘ज्वे-मिंग-त्झ’ म्हणून यकृत आणि डोळ्यांसाठी जे बी वापरतात, ते म्हणजे कोकणात पावसाळ्यात भाजी करतो त्या टाकळ्याचं बी. मंद आचेवर कॉफीसारखा खरपूस वास येईपर्यंत भाजा, ठेचा आणि पेल्याला चमचाभर टाका. कच्चं टाकलं तर पोट सैल होतं. बी स्वतः गोळा करत असाल तर निवडून घ्या. टाकळ्याचं बी चकचकीत, तिरकस कापलेल्या ठोकळ्यासारखं असतं. कासविंद्याचं बी चपटं आणि मळकट दिसतं. ते विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना.

दुकानातल्या हाराच्या शेवंतीचा चहा करू नका. ती याच जातीची असली तरी तोडेपर्यंत तिच्यावर फवारणी चालते. आणि ज्यांना गाजर गवताची, म्हणजे काँग्रेस गवताची ॲलर्जी आहे, हातापायांना किंवा पापण्यांना खाज-पुरळ येते, त्यांनी हे फूल प्यायचंच नाही. दोन्ही एकाच कुळातली, आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. विक्रेत्यांच्या पाकिटावर मला हा इशारा कुठेही दिसलेला नाही, आणि ही गोष्ट रागावण्यासारखीच आहे.

सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथले खोक्यातले गोड ‘क्रिसँथेमम टी’ ओळखीचे असतील. तहानेला छान आहेत, पण त्यात साखरच मुख्य. फुलाचा हिशेब त्यावरून करू नका.

साठवण नीट हवी. धुरी न दिलेल्या फुलात कीड लवकर शिरते, त्यामुळे हवाबंद बरणी आणि पावसाळ्यात फ्रिज. सादळलेली फुलं मंद तव्यावर दोन मिनिटं फिरवली की पुन्हा कुरकुरीत होतात. काळे ठिपके किंवा जाळी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकून द्या. एका वेळी 50 ग्रॅमच घ्या, तोडणीचं वर्ष विचारून, शक्यतो जानेवारीनंतर, नवा माल बाजारात येतो तेव्हा. विक्रेता आधी पाच-दहा ग्रॅम नमुना द्यायला तयार नसेल, तर दुसरा बघा.