स्ट्रक्चरल की जिओटेक्निकल? सिव्हिलमध्ये मास्टर्स करण्याआधी

सिव्हिलची पदवी हातात आली आणि पुढे मास्टर्स करायचं ठरलं, की बरेच जण पहिल्या पसंतीला स्ट्रक्चरल, म्हणजे इमारती-पुलांच्या सांगाड्याचं डिझाइन, लिहून मोकळे होतात. जिओटेक्निकल, म्हणजे माती, खडक आणि पाये यांचं शास्त्र, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर जातं. का, असं विचारलं तर ‘माती कोण चिवडत बसणार’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं रोज काय काम करायचं हे ठरवणारा निर्णय इतक्या घाईत घेतला जावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून या दोन शाखा शेजारी शेजारी ठेवून बघू.

ट्रान्सपोर्टेशन, जलसंपदा, पर्यावरण आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट यांना इथे बाजूला ठेवतो. त्या शाखांचा पिंडच वेगळा आहे, आणि ज्यांना त्या मनापासून आवडतात त्यांचा सहसा गोंधळ होत नाही. अडकतात ते स्ट्रक्चर आणि जिओटेकच्या मधे, कारण दोन्हीकडे बळ, ताण, विकृती आणि समतोल यांचीच भाषा चालते.

मटेरियल ठरवायचं की मिळेल ते समजून घ्यायचं

माझ्या मते खरा फरक इथे आहे. बाकीचे फरक यातूनच निघतात.

स्टीलचा बीम डिझाइन करताना स्थितिस्थापकता गुणांक (भाराखाली स्टील किती ताणलं जाईल हे सांगणारा आकडा) २०० ते २१० गिगापास्कल धरायचा, हे जगात कुठेही गेलात तरी फारसं बदलत नाही. काँक्रीट जरा लहरी असतं, पण त्याचीही ग्रेड आपणच ठरवतो, चाचणीसाठी काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) भरतो, २८ दिवसांनी मशीनखाली फोडून बघतो. ताकद कमी आली तर मिक्स बदलायला सांगता येतं. मातीकडे अशी ग्रेड मागता येत नाही. जागेवर जे आहे तेच तुमचं मटेरियल, आणि त्याच्या गुणधर्मांची व्याप्ती स्ट्रक्चरवाल्याला अविश्वसनीय वाटेल अशी असते. पाणी किती वेगाने झिरपतं एवढंच घ्या. पाण्याचा उतार सारखाच ठेवला, तर स्वच्छ खडीतून ते सेकंदाला सेंटीमीटरभर पुढे जाईल आणि घट्ट चिकणमातीतून वर्षाला तीन सेंटीमीटर. एकाच प्लॉटवर, एकाच बोअरहोलमध्ये (माती तपासायला जमिनीत पाडलेल्या खोल छिद्रात), हे दोन्ही थर एकावर एक सापडू शकतात.

आणि ही माहिती मिळते तरी कशी? स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टचं उदाहरण घ्या. बोअरहोलच्या तळाशी सॅम्पलर, म्हणजे मातीचा नमुना घेणारी नळी, टेकवायचा, ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून त्यावर सोडायचा आणि ठोके मोजायचे. सॅम्पलर एकूण ४५ सेंटीमीटर आत घालायचा. पहिले १५ सेंटीमीटर सोडून द्यायचे, कारण तिथली माती ड्रिलिंगमुळे ढिली झालेली असते. उरलेल्या ३० सेंटीमीटरला लागलेले ठोके म्हणजे ‘एन व्हॅल्यू’. भल्यामोठ्या इमारतीचा पाया अशा मोजक्या बोअरहोलमधल्या मोजक्या आकड्यांवर ठरतो. दोन बोअरहोलच्या मधे काय आहे, याचा अंदाज इंजिनिअरने बांधायचा असतो. पायाची धारणक्षमता काढताना सुरक्षा गुणांक २.५ ते ३ घेतात आणि स्टीलच्या बीमला साधारण १.६७ पुरतो, तो या अज्ञानामुळेच.

तेव्हा शाखा निवडताना स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न ‘गणित जमतं का’ हा नाही. अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन, तो निर्णय खोदकाम सुरू झाल्यावर बदलायची तयारी ठेवून, तुम्हाला रात्री शांत झोप लागेल का? लागत असेल तर जिओटेकचा गंभीरपणे विचार करा. तुमचं मन नेमकेपणात रमत असेल, प्रत्येक सळईचा हिशोब लागेपर्यंत चैन पडत नसेल, तर स्ट्रक्चर तुम्हाला जास्त समाधान देईल. दोन्ही स्वभाव चांगलेच आहेत, फक्त त्यांना लागणारं काम वेगळं.

तीन घटना

१९६४ मध्ये जपानमधल्या निगाता शहराला भूकंपाचा धक्का बसला. तिथल्या अपार्टमेंटच्या काही इमारती कलंडल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली. पण त्यांचे कॉलम, स्लॅब, भिंती बऱ्याच अंशी शाबूत होत्या. खालची पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांमुळे द्रवासारखी झाली आणि इमारतीचा आधारच गेला. स्ट्रक्चरच्या हिशोबात चूक शोधूनही या पडझडीचं उत्तर मिळालं नसतं. वाळू अशी द्रवासारखी होण्याचा, म्हणजे लिक्विफॅक्शनचा, पद्धतशीर अभ्यास या भूकंपाने आणि त्याच वर्षीच्या अलास्काच्या भूकंपाने जोमाने सुरू झाला.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या एका हॉटेलात लॉबीवर टांगलेले दोन पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. इथे जमिनीचा काहीच संबंध नव्हता. मूळ रचनेत वरचा आणि खालचा पूल छतापासून खाली आलेल्या एकाच सलग रॉडवर लटकायचा होता. नंतर सोयीसाठी एका रॉडचे दोन केले गेले: वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. रॉडमधलं बळ तेवढंच राहिलं, पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटवर एकाऐवजी दोन पुलांचं वजन आलं. कागदावर ‘किरकोळ’ वाटणारा एक जोड आणि त्याची ही किंमत. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नेमकेपणाला इतकं महत्त्व का, हे मला याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

१९८५ चा मेक्सिको सिटीचा भूकंप मात्र दोन्ही शाखांचा आहे. भूकंपाचं केंद्र शहरापासून ३५० किलोमीटरहून दूर होतं. तरीही जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवरच्या भागात हाहाकार झाला. त्या मातीने साधारण दोन सेकंद आवर्तकालाची (एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) कंपनं कित्येक पटींनी वाढवली, आणि मध्यम उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींचा स्वतःचा आवर्तकाल त्या टापूत येत होता. माती न बघणारा स्ट्रक्चरवाला आणि इमारत न बघणारा जिओटेकवाला, दोघांनाही इथे उत्तर अर्धंच सापडलं असतं.

अभ्यासक्रमात नेमकं काय येतं

स्ट्रक्चरलमध्ये मॅट्रिक्स पद्धती, फायनाइट एलिमेंट, स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, प्लेट्स आणि शेल्स, स्टॅबिलिटी, प्रिस्ट्रेस्ड काँक्रीट, भूकंपरोधक डिझाइन हे विषय बहुतेक सगळीकडे असतात. पहिल्या सत्रात रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणं कच्ची असतील तर दमछाक होते. पण यातली एखादी कल्पना डोक्यात शिरली की मनाची पकड घेते. भूकंपरोधक डिझाइनमधलं कपॅसिटी डिझाइन हे माझं सर्वात लाडकं उदाहरण. १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रुजलेल्या या विचारात इमारत मोडूच नये असा हट्ट धरत नाहीत. ती कुठे मोडावी हे आधीच ठरवतात. नुकसान बीमच्या टोकाशी होऊ द्यायचं, तिथे सळया अशा बांधायच्या की बीम वाकेल पण तुटणार नाही, आणि कॉलम मुद्दाम त्याहून बलवान ठेवायचे. कॉलम आधी मोडला तर वरचा अख्खा मजला खाली येतो. बीम वाकला तर माणसं बाहेर पडू शकतात.

जिओटेकमध्ये प्रगत सॉइल मेकॅनिक्स, फाउंडेशन, उतारांचं स्थैर्य, झिरपण, सॉइल डायनॅमिक्स, रॉक मेकॅनिक्स, ग्राउंड इम्प्रूव्हमेंट हे विषय येतात. ‘जिओटेकमध्ये गणित कमी’ हा समज पहिल्या महिन्यातच गळून पडतो. क्रिटिकल स्टेट, प्लॅस्टिसिटी, असंपृक्त माती हे विषय स्ट्रक्चरच्या कोणत्याही विषयाइतकेच कठीण आहेत. फरक असा, की इथे प्रत्येक समीकरणामागे पाणी असतं. १९२०च्या दशकात कार्ल टेर्झागी यांनी मांडलेलं परिणामी ताणाचं तत्त्व एका ओळीचं आहे: मातीची ताकद एकूण ताणावर ठरत नाही, त्यातून छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरतं त्यावर ठरते. पावसाळ्यात डोंगर का घसरतो, वाळू द्रव का होते, नव्या इमारती वर्षानुवर्षं का खचत राहतात, या सगळ्यांचं मूळ त्या एका वजाबाकीत आहे. शिवाय वेळेचा हिशोब येतो. चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल तर पाणी निघून तो खचायला चौपट वेळ लागतो. जपानमधला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर सुरू झाला. ते बेट भराव सुरू झाल्यापासून १० मीटरपेक्षा जास्त खचलं आहे आणि अजूनही थोडं थोडं खचतंच आहे. ‘काम पूर्ण’ असं तिथे म्हणताच येत नाही.

लॅब आणि थिसिस

स्ट्रक्चरमध्ये प्रायोगिक थिसिस करायचा तर लोडिंग फ्रेम, ॲक्चुएटर, जमलं तर शेक टेबल (भूकंपासारखं हलणारं टेबल) लागतं. ही यंत्रं महाग असतात आणि त्यांच्यासमोर रांग असते. त्यामुळे बरेच जण कॉम्प्युटरवरच्या मॉडेलकडे वळतात. त्यात गैर काही नाही, पण मॉडेल ज्याच्याशी ताडून बघायचं तो प्रयोग कुणाचा, हे आधी ठरलेलं हवं.

जिओटेकच्या ट्रायअ‍ॅक्सियल टेस्टचा नमुना जेमतेम ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा असतो. त्यावर रबराची पातळ पिशवी चढवायची, दोन्ही टोकांना ओ-रिंग बसवायच्या, मग नमुना पाण्याने पूर्ण भरला की नाही हे दाब वाढवून तपासत राहायचं. पुढे कन्सॉलिडेशन (दाबून पाणी बाहेर काढणं), त्यानंतर शिअर (नमुना मोडेपर्यंत भार वाढवणं). चिकणमातीची ड्रेन्ड टेस्ट (पाणी बाहेर पडू देत सावकाश केलेली) असेल तर एकाच नमुन्याला कित्येक दिवस जातात, आणि पिशवीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. या कामाला वेगळाच संयम लागतो. तो सगळ्यांकडे असतो असं नाही, आणि नसला तर त्यात कमीपणाही नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: प्रवेश घेण्याआधी त्या विभागातले मागच्या दोन-तीन वर्षांतले थिसिस वाचा, आणि आत्ता शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा की यंत्रं चालू आहेत का, गाइड मसुदा वाचून परत देतात का. संस्थेच्या नावापेक्षा या दोन उत्तरांवर तुमचा थिसिस जास्त अवलंबून राहील.

नोकरी

जागा स्ट्रक्चरलमध्ये जास्त, उमेदवारही जास्त. प्रत्येक इमारतीला, पुलाला, कारखान्याला डिझाइन लागतंच. सुरुवातीची वर्षं बहुतेक स्क्रीनसमोर जातात: मॉडेल, लोड कॉम्बिनेशन, ड्रॉइंग तपासणी. जिओटेकमध्ये जागा कमी, पण त्या मागणारेही कमी, आणि बोगदे, धरणं, बंदरं, खोल खोदकामं, समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये इथे चांगल्या माणसाशिवाय पान हलत नाही. इथली सुरुवातीची वर्षं बरीचशी ड्रिलिंग रिगपाशी उन्हात, चिखलात जातात. घरापासून लांब राहणं शक्य नसेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

देश बदलायचा विचार असेल तर एक बारीक फरक लक्षात घ्या. स्ट्रक्चरवाल्याला नव्या देशात नवा कोड शिकावा लागतो. काँक्रीटचा युरोपीय कोड युरोकोड २ वापरणाऱ्याला अमेरिकी एसीआय ३१८ वर जाताना थोडे महिने जड जातात, मग हात बसतो. जिओटेकवाल्याची तत्त्वं सगळीकडे चालतात, पण समुद्राकाठच्या मऊ गाळात मुरलेला अनुभव खडक कुजून बनलेल्या मातीत तसाच्या तसा लागू होत नाही. नवी जमीन ओळखायला कोड शिकण्यापेक्षा जास्त वर्षं लागतात.

सॉफ्टवेअरबद्दल हल्ली भीती फार ऐकू येते. नेहमीच्या चौकोनी इमारतीचं डिझाइन ईटॅब्ससारखा प्रोग्राम भराभर करून देतो, त्यामुळे नुसतं प्रोग्राम चालवणाऱ्या स्ट्रक्चरवाल्याची किंमत घसरणार, असं मलाही वाटतं. मातीचं विश्लेषण करणारा प्लॅक्सिस प्रोग्राम चालवणाऱ्या जिओटेकवाल्यालाही हा धोका आहेच, पण तिथे मातीचे आकडे आधी कुणीतरी ठरवून द्यावे लागतात, आणि ते ठरवणं हेच खरं काम.

निर्णय होत नसेल तर

सुट्टीचे दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी तीन मजली, दोन गाळ्यांची फ्रेम घेऊन आडव्या भाराखाली तिची मोमेंट डायग्रॅम (कुठे किती वाकवणारं बळ येतं याची आकृती) हाताने काढा आणि मग प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून बघा. दुसऱ्या दिवशी एखादा खरा बोअर लॉग, म्हणजे बोअरहोलची नोंद, मिळवा, थर, एन व्हॅल्यू आणि भूजल पातळी बघून त्या जागेवर उथळ पाया चालेल की पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) लागतील ते कारणांसहित एका पानात लिहा. कोणत्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली ते तुमचं तुम्हाला कळेल. मार्कांवरून हे कळत नाही, कारण पदवीला सॉइल मेकॅनिक्स बहुतेक ठिकाणी सूत्रं पाठ करून सुटतो.

आणि शाखा कोणतीही घेतलीत तरी एक वैकल्पिक विषय पलीकडचा घ्या. स्ट्रक्चरवाल्यांनी फाउंडेशन किंवा सॉइल डायनॅमिक्स, म्हणजे कॉलमच्या तळाशी डोळे मिटून फिक्स्ड सपोर्ट (जराही न हलणारा आधार) दाखवण्याची सवय सुटेल. जिओटेकवाल्यांनी स्ट्रक्चरल डायनॅमिक्स किंवा फायनाइट एलिमेंट. विषयनिवडीचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घेतात आणि वेळापत्रकं बऱ्याचदा एकमेकांवर येतात, तेव्हा हे प्रवेशाआधीच विभागाला विचारून ठेवा.