सोलापूरकरांनो, "अण्णा, ऑइल गळायलंय" म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका

गाडी पाडव्याला घेतली. १२५ सीसी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकून डाऊन पेमेंट भरलं, बाकीचे हप्ते चालू आहेत. हे घडलं तेव्हा गाडीला २३ दिवस झाले होते आणि मीटरवर ४१२ किलोमीटर होते. हँडलचा झेंडूचा हार वाळून गेला होता, तरी काढला नव्हता.

नवी पेठेत बहिणीच्या मुलीसाठी कपडे घ्यायला गेलो होतो. दुपारची चारची वेळ, एप्रिलचं सोलापूरचं ऊन. पाऊण तासानं बाहेर आलो तर गाडीजवळ पंचविशीचा एक पोरगा उभा. "अण्णा, गाडी तुमची का? खाली बघा की, ऑइल गळायलंय."

वाकून बघितलं. इंजिनच्या डाव्या बाजूला, मॅग्नेट कव्हरवर (आत वीज तयार करणारं चाक असतं, त्याचं झाकण), काळा ओघळ आलेला. खाली फरशीवर रुपयाएवढा डाग. पोटात गोळा आला. २३ दिवसांची गाडी! मी किल्ली लावायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "चालू करू नका अण्णा, इंजिन जाम होईल. पलीकडच्या गल्लीत मिस्त्री हाय ओळखीचा, ढकलत नेऊ." आणि खरोखर त्यानंच गाडी ढकलत नेली. घामानं शर्ट भिजला त्याचा. तो घाम बघूनच मी विश्वास ठेवला. उन्हात दुसऱ्याची गाडी ढकलणारा माणूस खोटं बोलत असेल असं मनातही येत नाही.

गॅरेजला पाटी नव्हती. मिस्त्रीनं बोटानं तेल पुसून बघितलं आणि म्हणाला, "मॅग्नेटची सील गेलीय. कंपनीतच फिटिंगला राहिलंय." मी शोरूमला नेतो म्हणालो. "न्या की. चार दिवस ठेवून घेतील, वर तुम्हीच पाडली म्हणतील. तिथवर नेताना इंजिन बसलं तर मला बोलू नका."

मग त्यानं ऑइलची डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची पट्टी, काढली. हे नीट वाचा, सगळी मेख इथेच आहे. काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बघा, कोरडी. ऑइलच नाही आत." मीही बघितली, कोरडीच होती. पुसलेली पट्टी कोरडी नसेल तर काय असेल? डिपस्टिक पुसायची, परत आत घालायची, मग काढून बघायची, अशी लेव्हल बघतात. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी लागते, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करून थोडं थांबावं लागतं. बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न आवळता नुसती टेकवून बघायची असते. हे सगळं गाडीच्या डिकीतल्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तक मी तोवर उघडलंही नव्हतं.

पाऊण तासात कव्हर उघडलं, ऑइल काढलं, नवीन पॅकिंग, वरून बॉन्ड (चिकटवायची पेस्ट) लावला, एका उघड्या डब्यातलं ऑइल ओतलं. सील ६५०, पॅकिंग ३००, ऑइल ७००, मजुरी १०००. एकूण २६५० रुपये. बिल मागितलं तर "बिलबुक संपलंय". रोखच द्या म्हणाला. खिशात २००० होते, राहिलेले ६५० मोबाइलवरून दिले. तेही त्याला नकोच होते, पण दुसरा इलाज नव्हता.

घरी वडिलांना सांगितलं. ते ३० वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, तेलात हात घालूनच त्यांचं आयुष्य गेलं. ते काही बोलले नाहीत. स्टँडच्या खोबणीत पुसायचं राहून गेलेलं थोडं काळं तेल त्यांनी अंगठ्यानं घेतलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मग विचारलं, "मिस्त्रीनं आतून काढलं ते कुठल्या रंगाचं होतं?"

मला आठवलं. ट्रेमध्ये पडलेलं ऑइल तांबूस होतं, कोऱ्या चहासारखं. आणि कव्हरवर ओघळलेलं काळंकुट्ट.

"मग हे तुझ्या गाडीचं नव्हंच. जळकं तेल हाय, कुणाच्यातरी जुन्या गाडीचं. वरून ओतलंय." शिवाय आतून तेल निघालं ते चांगलं ट्रेभर होतं. इंजिन कोरडं असतं तर ते आलं कुठून? गॅरेजमध्ये उभा असताना हे मला का सुचलं नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. रात्री इंजिन फडक्यानं लख्ख पुसलं, कव्हरच्या जोडावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडीखाली 'सकाळ'ची दोन पानं पसरली. गळती खरी असेल तर पावडर ओली होऊन नेमकी जागा दाखवते.

सकाळी पेपरवर तीन थेंब होते. पावडर कव्हरच्या खालच्या बोल्टजवळ ओली झालेली. म्हणजे ज्या गाडीला गळती नव्हती, तिला आता खरी गळती लागली होती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकनं बोल्टची डोकी दाखवली. चुकीच्या पान्यानं सगळी खरवडलेली. एका बोल्टचे आटे गेलेले. पॅकिंग दुसऱ्याच गाडीचं कापून बसवलेलं, फटीतून बॉन्ड बाहेर आलेला. मी सील बदलल्याचं सांगितलं तर तो थांबला. "साहेब, या इंजिनात मॅग्नेट ऑइलमध्येच फिरतो. तिथं सील नसतेच. नुसतं पॅकिंग असतं." नसलेल्या वस्तूचे ६५० रुपये मी मोजले होते.

ऑइलही चुकीचं निघालं. आपल्या गाड्यांत क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, म्हणून मोटरसायकलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असा दर्जा लिहिलेला बघून घ्यावा लागतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. त्यानं प्लेटा घसरतात, रेस वाढते आणि गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरला जाताना चढावर माझ्या गाडीचं तसंच झालं होतं, मला वाटलं नवीन आहे, सवय होईल. सगळं दुरुस्त करायला आणखी ३९०० लागले, आणि बाहेर उघडलेल्या त्या भागाला वॉरंटी मिळणार नाही असं लेखी दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही. बाहेरच्या हातानं बिघडवलेलं ते वॉरंटीत का करतील?

त्याच मेकॅनिकनं गाडीखाली ओलं, गाडीवर डाग किंवा धूर दिसायची साधी कारणंही सांगितली, ती इथे लिहितो. उन्हात टाकी गच्च भरून साइड स्टँडवर लावली की पेट्रोल फुगून ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली येतं. ते वासानं कळतं आणि वाळून जातं. चेनला जास्त स्प्रे मारला तर मागच्या रिमवर आणि स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) काळे शिंतोडे उडतात. एअर फिल्टरच्या डब्याखाली एक बंद नळी असते, तिच्यात थोडं तेल साठतं. नवीन सायलेन्सरवरचा गंजरोधक थर पहिले काही दिवस जळतो, त्याचा धूर दिसतो. यातल्या एकालाही इंजिन उघडावं लागत नाही. कधी ड्रेन बोल्टचा वॉशर नीट बसलेला नसतो, ती मात्र खरी गळती. पण ते काम वॉरंटीत फुकट होतं. गाडी हलवायला भीती वाटली तर कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर पुस्तकात असतो, तो फिरवा. तोवर मोबाइलमध्ये डागाचा आणि कव्हरचा फोटो काढून ठेवा.

तिसऱ्या दिवशी मी वडिलांना घेऊन त्या गॅरेजवर गेलो. मिस्त्री म्हणाला, "कुठली गाडी? आठवत नाही." मी मोबाइलवरचा व्यवहार दाखवला, त्याच्या नावासकट, वेळेसकट. तो आत गेला आणि ६५० रुपये आणून माझ्या हातावर ठेवले. रोख दिलेल्या २००० बद्दल शब्द काढला नाही.

पोलिसात लेखी अर्ज दिला आहे. हा प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीत येतो. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी बिलावाचून हललो नसतो.

परतताना मी गाडी लावली होती ती जागा मुद्दाम बघितली. आठ-दहा फुटांत फरशीवर तसेच काळे डाग होते, सात मोजले. काही जुने, धुळीनं मुरलेले; दोन ताजे. अर्ज घेणारे हवालदार म्हणाले, आणखी कुणी आलं तर आम्हाला पुढे जाता येईल. नवी पेठेत किंवा आसपास तुमच्या गाडीखाली असा डाग दाखवून कुणी ढकलत नेली असेल, तर रक्कम कितीही लहान असो, तारीख आणि व्यवहाराचा पुरावा घेऊन चौकीत अर्ज द्या. माझा तिथे आहेच.