अमेरिकेत दत्तक: ‘केअरिंग्ज’ची सरकारी वाट, मराठवाड्यातून पाहिलेली

‘केअरिंग्ज’ म्हणजे भारतातलं मूल दत्तक घेण्याचं सरकारी पोर्टल. त्या वाटेला गुण: पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कुठं गेला ते पुढं येईलच. एक मात्र संथपणापायी कापलाय.

नांदेड, लातूर, संभाजीनगरकडची पोरं आता डलास नि न्यू जर्सीत घरं करून बसलीत. मूल नसलेल्या जोडप्याला इकडून सल्ला ठरलेला: धाकट्या भावाचं एक लेकरू घ्या, दुय्यम निबंधकाकडं दत्तकपत्र करून टाका, व्हिसाचं मागाहून बघू. सगळ्यात महागडा घोळ इथंच होतो.

दत्तकपत्र १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं खरं ठरेल, पण अमेरिकेच्या व्हिसाला ते पुरत नाही. भारत २००३ पासून आणि अमेरिका १ एप्रिल २००८ पासून परदेशी दत्तकाच्या हेग करारात आहे, आणि तिथं क्रम ठरलेला आहे. आधी आय-८००ए हा अमेरिकी सरकारचा अर्ज, म्हणजे दत्तक घेणारे लायक आहेत का याची तपासणी. मग त्या लेकरासाठीच्या आय-८०० अर्जाला तात्पुरती मंजुरी. दत्तकविधान त्यानंतर. ते आधीच उरकलं की अर्ज अडकतो. अर्जदार अमेरिकी नागरिकच लागतो, ग्रीन कार्डवर भागत नाही. लेकराचं सोळावं वर्ष पुरं व्हायच्या आत आय-८०० दाखल व्हायला हवा. आणि जन्मदाते दोघंही हयात असतील, तर ते सांभाळ करायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं. दहा एकर बागायत आणि झेडपीची नोकरी असलेल्या भावाचं लेकरू या चाळणीतून खाली उतरत नाही.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९५५ साली ओरेगनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्यानं कोरियातली आठ मुलं घरी आणली. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. पुढं मुखत्यारपत्रावर दत्तक सुरू झालं: आईबाप अमेरिकेत, कागद सेऊलमध्ये, मूल विमानात. कोरियातून जगभर सुमारे दोन लाख मुलं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त अमेरिकेला. घरचे हयात असलेल्या कित्येक मुलांची नोंद अनाथ म्हणून केली गेली, हे कोरियाच्याच सत्यशोधन आयोगानं मार्च २०२५ मध्ये मान्य केलं. एप्रिल १९७५ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी, सायगावहून विमानांनी उचलून नेलेल्या मुलांतही काहींचे आईबाप जिवंत होते. म्हणून आपल्याकडं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा ‘दत्तकासाठी कायदेशीर मुक्त’ हा दाखला म्हणजे सगळ्या फाइलीचा कणा. मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. हे दिवस कमी करा म्हणणाऱ्यांचं आम्हाला पटत नाही.

भारतातली शिस्त लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८४ साली दिलेल्या निकालातून आली, ‘कारा’ ही दत्तकाची केंद्रीय सरकारी यंत्रणा १९९० मध्ये उभी राहिली. ‘केअरिंग्ज’ हे काराचंच पोर्टल.

अमेरिकेतल्या कुटुंबाला त्यावर थेट उडी मारता येत नाही. काराची मान्यता असलेली तिथली एजन्सी धरावी लागते. ती घराची पाहणी करून अहवाल चढवते आणि त्या तारखेपासून रांगेत नंबर लागतो. नुसती नोंदणी करून बसलेल्यांची वर्षं इथं वाया जातात. लहान, निरोगी मूल हवं असेल तर भारतीय नागरिक आणि अनिवासी भारतीय पुढं असतात, आणि त्यांचीच रांग तीन वर्षांहून लांब आहे. ६० दिवसांत इकडं घर न मिळालेलं मूल परदेशासाठी खुलं होतं. त्यामुळं अमेरिकी पासपोर्टवाल्यांना बहुधा मोठी मुलं, भावंडं किंवा उपचारांची गरज असलेली मुलं दाखवली जातात. एजन्सीनं हे पहिल्याच भेटीत सांगितलं नाही, तर दुसरी शोधावी.

दाखवलेलं मूल पसंत असेल तर ते ९६ तासांत राखून ठेवायचं आणि ३० दिवसांत स्वीकाराची सही करायची. अर्धा गुण इथं गेला. वैद्यकीय अहवाल अनेकदा चार ओळींचा असतो. सापडलेल्या बाळाची जन्मतारीख अंदाजानं लावलेली असते, त्यामुळं वाढीच्या तक्त्यावर बाळ खुजं किंवा थोराड दिसू शकतं. डोक्याचा घेर, दर महिन्याच्या वजनाच्या नोंदी आणि चालता-खेळतानाचा व्हिडिओ मागून घ्या, नि बालरोगतज्ज्ञाला दाखवून मगच सही करा.

पुढं काराचं ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा हुकूम. सप्टेंबर २०२२ पासून कायद्यानं तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलाय. त्यानंतर नगरपालिकेचा नवा जन्मदाखला. हुकुमात ‘देशमुख’ आणि दाखल्यात ‘देशमूख’ झालं की पासपोर्ट अडला, म्हणून मराठी-इंग्रजी दोन्ही स्पेलिंग आईबापाच्या पासपोर्टवरून लिहून द्या, तोंडी सांगू नका. दत्तकाचा व्हिसा दिल्लीच्या वकिलातीतून होतो, तेव्हा मुंबईचं तिकीट काढून ठेवू नका. मूल सांभाळणाऱ्या इकडच्या संस्थेची फी ५,००० डॉलर आहे. त्यावर ‘देणगी’ मागितली तर ती नियमाबाहेरची.

घरी पोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी पाहणीचा अहवाल जातो. काहींना हा जाच वाटतो. २०१७ मध्ये टेक्सासात बिहारहून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, त्यानंतर तरी असं वाटू नये.

आता सगळीकडूनच ओघ आटलाय. २००४ मध्ये अमेरिकेत परदेशातून जवळपास २३ हजार मुलं आली. २०२३ मध्ये तेराशेही नाहीत. रशियानं २०१३ पासून दार लावलं, इथिओपियानं २०१८ मध्ये, चीननं २०२४ मध्ये.

शेवटचा कागद बहुतेकजण विसरतात. आयएच-३, म्हणजे दत्तकविधान भारतातच पुरं झालेल्या लेकराच्या व्हिसावर, अमेरिकेत पाऊल टाकताच लेकरू नागरिक होतं, हे २००० च्या कायद्यामुळं. २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांची अठरा वर्षं उलटून गेली होती त्यांना तो लागू झाला नाही, आणि आईबापानं कागद न केल्यामुळं त्यातल्या काहींना चाळिशीत हद्दपार व्हावं लागलं. म्हणून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालानं आलं की त्यावरचं नाव आणि जन्मतारीख त्याच दिवशी तपासा, लगेच अमेरिकी पासपोर्टचा अर्ज करा, आणि बाल कल्याण समितीच्या दाखल्याची मूळ प्रत कधीच कुणाकडं सोडू नका.