रतनगड ते हरिश्चंद्रगड: तंबूचं बुकिंग
डिसेंबरातल्या शनिवार-रविवारसाठी मुलुंडहून महिनाभर आधी तंबू ठरवले, सगळे पैसे भरले. रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत पोचलो, तर तिघींच्या तंबूत आम्ही पाच जणी! कुडकुडत, कूस न बदलता रात्र काढली. तक्रारीला फोन केला, तर कुणी उचलेना. त्या तंबूवाल्यांकडे पुन्हा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतमार्गे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत आलो. इथलं मुक्कामाचं घर मात्र मी थेट फोनवर सांगून ठेवलं होतं. घरच्या मावशींनी पडवी सारवून घोंगड्या अंथरलेल्या. चुलीवरचं पिठलं, नाचणीची भाकरी, वर ठेचा. आगाऊ एक रुपयाही घेतला नाही. सकाळी १४२४ मीटरचा गड आम्ही ताज्या पायांनी चढलो. मावशींना जानेवारीची तारीख तिथेच सांगून आले, माणसं मोजून.