रिफंडसाठी कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि 87,499 रुपये गेले

ज्यांचा फ्लाइटचा रिफंड अडकलाय त्यांनी हे आधी वाचा, मग नंबर शोधायला जा.

भाचीच्या साखरपुड्यासाठी इंदूर-पुणे तीन तिकिटं काढली होती, ह्यांच्या क्रेडिट कार्डवरून, एकूण 17,286 रुपये. कूपनने 1,200 वाचले म्हणून खूश होते. मग सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, जाणं रद्द. तिकिटं कॅन्सल केली तर ॲपमध्ये आलं की 9,870 रिफंड 'प्रोसेस्ड'. पण कार्डवर काहीच जमा होईना. ॲपमधल्या चॅटवर काहीही लिहा, मशीनचं एकच उत्तर, रिक्वेस्ट प्रोसेस झाली आहे. बोलायला माणूस नाही, नंबर कुठे दिसत नाही. पैसे घेताना एक मिनिट लागत नाही आणि परत द्यायचे म्हटलं की दार बंद, मग माणूस सर्च करणार नाही तर काय करणार?

सर्चमध्ये सगळ्यात वर कंपनीच्याच नावाने एक मोबाईल नंबर आला. पहिल्या रिंगला उचलला. "मॅडम, आपका पीएनआर बताइए", अगदी सभ्य आवाज. मी रक्कम सांगितल्यावर म्हणाला की हां, पेंडिंग दिख रहा है, व्हॉट्सॲपवर रिफंड फॉर्म पाठवतो. ती लिंक नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाइल, वर कंपनीचा हुबेहूब लोगो. फोनने विचारलं की अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचं का, मग त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये एका हातात सासूबाईंची फाइल, कानाला इयरफोन, आणि तो सारखा "अलाऊ कर दीजिए मॅडम, नहीं तो फॉर्म सबमिट नहीं होगा".

इथेच कळायला हवं होतं. तिकिटं ह्यांच्या क्रेडिट कार्डने काढलेली, मग रिफंड त्याच कार्डवर जाणार, आणि हा माझ्या डेबिट कार्डचा नंबर, एक्सपायरी, मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्ही का मागतोय? पैसे यायला सीव्हीव्ही लागतच नाही! हा एक प्रश्न तेव्हा डोक्यात आला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं, रात्री झोपताना अजून तोच फॉर्म डोळ्यासमोर येतो. पण तिकीट काढताना आपण हेच सगळं भरतो ना, हाताला सवय झालेली असते.

सबमिट केल्यावर स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. तो म्हणाला, फोन मत काटिए, बॅक मत कीजिए. तेवढ्यात आधी 49,999 आणि मग 37,500 गेले. एकही मेसेज मला दिसला नाही, ओटीपी ते ॲपच परस्पर तिकडे पाठवत होतं. बँकेचे मेल ह्यांच्या फोनवर येतात म्हणून ह्यांनी दुसऱ्या फोनवरून दवाखान्यात कळवलं, नाहीतर खातंच रिकामं झालं असतं.

लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार नोंदवली, त्यातून 12,400 चोरांनी पुढे वळवलेल्या एका खात्यात होल्ड झाले. हे पहिलं करा, बाकी सगळं नंतर. फोनचं इंटरनेट बंद करा आणि कार्ड दुसऱ्या फोनवरून ब्लॉक करा.

आता बँक. म्हणे ओटीपी तुम्हीच दिला. अहो, मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही, मला तो दिसलासुद्धा नाही! रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, त्याचा प्रिंट घेऊन गेले तर मॅनेजर साहेब तो कागद हातात घेईनात. माझ्यासमोर काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "इनको समझा दो". पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरवाल्यांकडे जा, सायबरवाले म्हणाले एफआयआर ठाण्यातच होईल, परत ठाण्यात गेले तर तिथला माणूस हसून म्हणतो पढ़े-लिखे लोग ही फँसते हैं. म्हणजे लुटली गेले मी आणि परीक्षाही माझीच! 1930 च्या तक्रारीचा पोर्टलवरचा नंबर दाखवला तर तो म्हणे आमच्याकडे अजून आला नाही. आणि ते होल्डवाले 12,400 सुद्धा सरळ मिळत नाहीत, सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, त्यासाठी वकील वेगळा. 75,099 चं तर कोणी नावच काढत नाही.

रिफंड अडकला तर कंपनीकडून एआरएन नंबर, म्हणजे त्या रिफंडचा ओळख क्रमांक, मागा, तो कार्डवाल्या बँकेला दिला की पैसे कुठवर आलेत ते कळतं. नंबर फक्त ॲपमधला किंवा तिकिटाच्या मेलमधला घ्या. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायचीच नाही, लग्नपत्रिकेच्या नावाने आली तरी. घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये कोणत्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी आहे ते आजच बघून घ्या.

आणि बँकेत तोंडी बोलू नका, लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मी केली आहे. तो नंबर मी सर्चवर रिपोर्ट पण केला, काल ह्यांनी परत शोधून बघितलं तर अजून सगळ्यात वर तोच येतोय.