जूनमधली ‘ताजी’ सुरमई

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आमच्या पोरांना सुट्टीच असते. तोवर पुण्या-मुंबईची गर्दी परतलेली, कोकणातल्या खोल्यांचे भाव उतरलेले, आणि इकडे नागपुरात कूलरसमोरून उठवत नाही. म्हणून मृग लागला की आमच्याकडची बरीच कुटुंबं कोकणाची वाट धरतात. नागपूर-मडगाव गाडीत बसायचं, कुडाळला उतरायचं, पुढे मालवण. आम्हीही तेच केलं. मी, नवरा, दोन पोरं आणि सासूबाई.

नेमका हाच काळ मासेमारी बंदीचा असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. माशांचा प्रजननाचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं त्यामागे आहेत. बिगरयांत्रिक लहान होड्यांना सूट असते, पण जूनच्या लाटांत त्या कितीशा आत जाणार? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात देशाचे दोन्ही किनारे जवळजवळ बंद असतात, आणि त्याच पंधरवड्यात रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘ताजी मासळी मिळेल’ असं लिहिलेलं असतं. जूनमध्ये कुणी काटोलच्या बागेतून सकाळी तोडलेली संत्री म्हणून टोपली घेऊन दारात आला असता, तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवला असता. समुद्राचा हंगाम मात्र नागपुरात बसून कुणाला कळतो?

किनाऱ्यावरच्या लोकांना तो कळतो, आणि आपल्याला कळत नाही हेही त्यांना कळतं. गाडीवाल्याने पहिलाच प्रश्न केला, “खंयसून इलात?” नागपूर म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद, तारकर्लीचे पाण्यातले खेळ बंद. दाखवायला फारसं काही उरलेलं नव्हतं, म्हणून बहुधा त्याचा सगळा भर जेवणावर होता. आम्ही राहत होतो तिथल्या काकूंनी एका खानावळीचं नाव सांगितलं होतं. तो म्हणाला, “ती आज बंद आहे वहिनी, मी तुम्हाला याच्यापेक्षा भारी ठिकाणी नेतो.” खानावळ चालू होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. गाडीवाल्याला गिऱ्हाईक आणल्याबद्दल बिलावर टक्केवारी मिळते आणि जेवण फुकट, हे काकूंनी नंतर सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

हॉटेल मोठं होतं. बाहेर गाड्यांची रांग, आत मत्स्यालय, भिंतीवर जाळी टांगलेली. मेनूत चिकन, भाकरी, भात, सगळ्याचे भाव छापलेले, फक्त माशांपुढे ‘आकाराप्रमाणे’. वेटर परात घेऊनच आला. त्यात एक लांब सुरमई, दोन सरंगे, बर्फाचा चुरा, लिंबाच्या फोडी. “आत्ताच बोटीतून उतरवलंय वहिनी, हात लावून बघा.” सासूबाई भंडाऱ्याच्या, तळ्याकाठी वाढलेल्या. त्यांनी खरंच कल्ला उचलून पाहिला. लालसर होता, डोळाही खोल गेलेला नव्हता. बर्फात नीट ठेवलेला चांगला मासा होता तो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाव विचारला तर म्हणाला, “सुरमई चारशे, सरंगा साडेतीनशे.” आम्ही सुरमईची तुकडी चारशेला समजलो. कुणीही तेच समजेल, कारण थाळीतली सुरमई तुकडीवरच मिळते.

तळलेलं ताट आलं तेव्हा पोरं तुटून पडली. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि बोटांनी रवा बाजूला केला. “अगं, याला मणकाच नाही.”

हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरमई आडवी कापतात. तुकडी गोलसर असते, मधोमध मणक्याचा जाड काटा, कडेला रुपेरी कातडी. मांस घट्ट असतं, दाताखाली जाणवतं. आमच्या ताटातले तुकडे लांबट होते, कातडी नाही, काटा नाही, मांस पांढरंफटक आणि पाणचट, बोटाने दाबलं की विस्कटणारं. वर रव्याचा जाड थर आणि तिखट मसाला, त्यामुळे डोळ्यांना काही कळू नये. माझ्या मते तो बासा होता. गोड्या पाण्यात पाळतात तो मासा, काटा-कातडी काढून गोठवलेल्या पाकिटांत मिळतो आणि सुरमईच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो. सासूबाई आयुष्यभर रोहू-कतला-मरळ खात आलेल्या. त्यांना चवीत तळं लागलं. तीसेक तास प्रवास करून समुद्राकाठी यायचं आणि ताटात पुन्हा गोड्या पाण्याचाच मासा! वेटरला विचारलं तर हसून म्हणाला, “लहान मुलं आहेत ना, म्हणून बोनलेस करून दिलं.”

शंका होती, पण पुरावा नव्हता. तो माझ्या मुलीने काढला. परातीतल्या एका सरंग्याची शेपटी मधोमध फाटलेली होती, वेटरने तो उचलून दाखवताना तिने ते पाहिलं होतं. “हाच देतो तुम्हाला” असं म्हणून तोच आत गेला होता, आणि आमच्या ताटात भरलेला सरंगा म्हणून जे आलं त्याला डोकं आणि शेपूट दोन्ही नव्हतं. आम्ही जेवत असताना पलीकडच्या टेबलावर कोल्हापूरकडचं एक कुटुंब बसलं. वेटर परात घेऊन त्यांच्याकडे गेला. फाटक्या शेपटीचा सरंगा त्यात होता. मुलगी मोठ्याने म्हणाली, “आई, आपला मासा!” नवऱ्याने उठून परातीचा फोटो काढला, तर वेटर म्हणे हा दुसरा आहे. कोल्हापूरच्या त्या काकांनी मात्र क्षणभर आमच्या ताटाकडे पाहिलं आणि चिकन मागवलं.

मग बिल. चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं: सुरमई ७०० ग्रॅम, २,८००. सरंगा ५०० ग्रॅम, १,७५०. म्हणजे चारशे हा भाव तुकडीचा नव्हता, शंभर ग्रॅमचा होता. वजन आमच्यासमोर झालं नव्हतं. सोलकढी ३०० (जिचा गुलाबी रंग पेल्याला चिकटून राहिला होता, आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि नारळाचं दूध यांची खरी कढी फिकट असते), भाकरी-भात ४५०. एकूण ५,३००. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क ५३०. त्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, १,०४९. सगळं मिळून ६,८७९ रुपये. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला कार्डाचं मशीन बंद आहे, आणि जो क्यूआर पुढे केला त्यावर हॉटेलचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव येत होतं.

माशांबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ताट रिकामं झालं होतं. माझा नवरा हिशोबाच्या कामात असतो, त्याने कराला हात घातला. साध्या हॉटेलात बसून जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, एसी असो वा नसो. १८ टक्के लागतो तो महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटला. कर घ्यायचा तर बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. आणि ज्यांनी कंपोझिशन योजना (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी कर योजना) घेतली आहे, ते गिऱ्हाइकाकडून कर घेऊच शकत नाहीत, तसं त्यांना बिलावर लिहावं लागतं. इथे क्रमांकच नव्हता. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही नव्हता, जो २०२२ पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. सेवा शुल्काचं तर सरळ आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की ते बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. नवरा शांतपणे म्हणाला, “भाऊ, छापील बिल द्या, क्रमांकासकट. पूर्ण पैसे देतो.”

छापील बिल आलं नाही. सेवा शुल्क आणि कर खोडले गेले आणि आम्ही ५,३०० देऊन बाहेर पडलो. खोडलेल्या बिलाचा फोटो नवऱ्याने आधीच काढून ठेवला होता. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. बसून जेवायच्या ठिकाणी छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलेलं आहे, आणि त्या वादात बाकीचे मुद्दे बुडतात.

संध्याकाळी काकूंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या. त्यांच्या घरातली बोट १ जूनपासून वर ओढून झाकून ठेवलेली. त्या म्हणाल्या, जूनमध्ये आमच्या स्वतःच्या घरात सुरमई नसते, तुम्हाला कुठून देणार? सुका बांगडा, सोडे, जवळा, हे मे महिन्यात वाळवून ठेवायचं आणि पावसात खायचं. खाडीतल्या कुर्ल्या, काळुंदर, शेवटे मिळतात अधूनमधून. पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे चढणीचे मासे पकडतात, पण ते अंडी घालायला निघालेले असतात, आणि ते पकडावे की नाही यावर त्यांच्या गावातच दोन तट आहेत.

त्यांच्या त्या खानावळीत दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सकाळी फोन करून सांगावं लागतं. मालक म्हणाले, “सुरमई आहे, पण बर्फातली, मेमधली. घ्यायची तर घ्या, नाहीतर सुक्या बांगड्याचं तिखलं करतो.” असा माणूस भेटला की तिथेच बसावं. बर्फातला मासा वाईट नसतो, तो बर्फातला म्हणून विकला आणि त्याच भावाने विकला की झालं. आम्ही तिखलं घेतलं, कोंबडी-वडे घेतले, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माझ्या पोराने तिखल्याला ‘जमलं’ म्हटलं, ही मोठी पावती. पाच जणांचं बिल आदल्या दिवशीच्या निम्म्याहूनही कमी होतं.

तेव्हापासून ओळखीत कुणी जूनमध्ये कोकणात निघालं की मी त्यांना एवढंच सांगते की हॉटेलात गेल्यावर ‘सुरमई आहे का’ असं विचारू नका, ‘आज काय आहे’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जण ‘हो’ देतो. भाव विचारताना तुकडीचा, अख्ख्या माशाचा की शंभर ग्रॅमचा हे वदवून घ्या आणि वजनकाटा समोर आणायला सांगा. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, तेही विचारा, कारण डोकं-आतडी गेल्यावर मासा बराच हलका होतो. परातीतला मासा पसंत केला तर त्याचा फोटो काढा आणि डोकं-शेपूट ताटात द्यायला सांगा. वेटरला ते आवडणार नाही. तुकडीत मधला काटा दिसला नाही तर पहिल्याच घासाला थांबा; ताट संपल्यावर कुणी ऐकत नाही. आणि गाडीवाल्याने एखादी खानावळ बंद आहे म्हटलं तर तिथे स्वतः फोन लावा.

घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो, परातीचा फोटो, पैसे ज्याच्या नावावर गेले त्याचा तपशील, सगळं मागतात, त्यामुळे ते जपून ठेवलेलं बरं. परवाना क्रमांक नसल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी केली. हेल्पलाइनने हॉटेलला कळवलं आहे, तिकडून उत्तर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दावा लावता येतो, त्यासाठी मालवणला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. नवरा म्हणतो ५,३०० रुपयांसाठी कोण तारखा करणार. सासूबाई म्हणतात, मी करीन. अर्ज त्यांच्याच नावाने लिहायला घेतला आहे.